युद्धजन्य परिस्थितीत रुग्णांनी घ्यायची काळजी

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली. रेल्वे जंक्शन आणि आयुध निर्माणी असलेले जळगाव जिल्ह्यातील भुसावळही त्या यादीत होते. अशा काळात धोका फक्त जखमींना नसतो. ज्यांची रोजची औषधे किंवा उपचार बंद पडतात, त्यांनाही तो तितकाच असतो.

औषधे: बीपी, शुगर, फिट्स, दमा यांची किमान १५ दिवसांची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पिशवीत तयार ठेवा.

इन्सुलिन: मे महिन्यात जळगाव-धुळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. फ्रिज बंद पडल्यास इन्सुलिन कोऱ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून ओल्या मडक्यात ठेवा. बर्फाला चिकटवू नका. गोठलेले इन्सुलिन वापरू नये.

डायलिसिस: जवळचे दुसरे सेंटर आधीच विचारून ठेवा. डायलिसिस लांबल्यास पाणी आणि मीठ कमी घ्या. केळी व नारळपाणी टाळा, कारण त्यांतील पोटॅशियम हृदयाला घातक ठरू शकते.

पाणी: उकळून, झाकून ठेवा. जुलाब झाल्यास ओआरएस द्या.

सायरन व ब्लॅकआउट: खाली-वर होणारा आवाज म्हणजे धोका, एकसलग आवाज म्हणजे धोका टळला. वृद्धांच्या उशाशी टॉर्च ठेवा, अंधारात पडून हाड मोडू शकते.

रक्तस्राव: स्वच्छ कापडाने जखम सतत घट्ट दाबून धरा.

छातीत दुखणे, धाप लागणे किंवा प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यास ब्लॅकआउट संपण्याची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.