अमेरिकेतली दारूबंदी

मंडळी, अमेरिकेने एकदा देशभर दारूबंदी केली होती, ठाऊक आहे ना? नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाते, म्हणून तिथल्या बायकांनी वर्षानुवर्षे चळवळ केली. १९१९ साली घटना दुरुस्त झाली. १७ जानेवारी १९२० पासून बंदी अमलात आली. दारू गाळणे, विकणे, वाहून नेणे गुन्हा ठरला. पिणे मात्र गुन्हा नव्हता! सुरुवातीला पिणे घटले, हे खरे. पण पुढे चोरटा धंदा फोफावला. शिकागोच्या अल कपोनला १९३१ साली शिक्षा झाली, तीसुद्धा प्राप्तिकर बुडवल्याबद्दल! मग मंदीत सरकारला कराचा पैसा हवा झाला. ५ डिसेंबर १९३३ रोजी बंदी उठली. पण म्हणून त्या बायकांचे गाऱ्हाणे खोटे होते काय? नाही, मंडळी. गुत्त्याला कुलूप लागले, पिणाऱ्याचे मन वळवायचे राहूनच गेले.