पुरवणीचे मोल

संगणकावरचा एखादा खेळ विकत घेतला, त्यातल्या वाटा पायाखालच्या झाल्या, शत्रूचे डावपेच पाठ झाले, आणि एवढे होऊनही मन त्याच मुलखात घोटाळत राहिले, म्हणजे खेळणाऱ्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो: त्याच खेळाची नवी पुरवणी बाजारात आली आहे, ती घ्यावी की राहू द्यावी? खेळणाऱ्यांच्या बोलीत तिला ‘एक्सपान्शन’ म्हणतात. प्रश्न वाटतो तितका अलीकडचा नाही. ‘टेंपल ऑफ अपशाय’ हा भुयारांतील साहसाचा खेळ १९७९ साली अमेरिकेत निघाला, आणि १९८१ मध्ये ‘अपर रीचेस ऑफ अपशाय’ व पुढच्या वर्षी ‘कर्स ऑफ रा’ अशा त्याच्या दोन पुरवण्या आल्या. त्या स्वतंत्रपणे चालत नसत. मूळ सनद ज्याच्या दप्तरी असेल त्यालाच पुरवणी सनदेचा उपयोग व्हावा, तसा तो व्यवहार होता. म्हणजे पुरवणीचा ग्राहक हा पहिल्यापासून ओळखीचा माणूस, एकदा दाम मोजून गेलेला. आणि म्हणूनच त्याचा विश्वास राखण्याची जबाबदारी मोठी.

ती जबाबदारी ज्या पुरवणीने उत्तम पार पाडली, असे मी मनापासून मानतो, ती २००० सालची. डॅलस येथील एन्सेम्बल स्टुडिओज ह्या संस्थेचा ‘एज ऑफ एम्पायर्स २: द एज ऑफ किंग्ज’ हा खेळ १९९९ च्या सप्टेंबरात आला, आणि पुढच्या ऑगस्टात सँडी पीटरसन ह्यांच्या आखणीखाली ‘द कॉन्करर्स’ ही त्याची पुरवणी. मुळातील तेरा संस्कृतींत अ‍ॅझ्टेक, माया, हूण, स्पॅनिश आणि कोरियन अशा पाचांची भर पडली. हूणांना तर घरे बांधण्याची सक्तीच नाही, घोड्यावर जन्म काढणाऱ्यांना शोभेल असेच ते होते. पण ती पुरवणी ज्याने रात्रीमागून रात्री वापरली, तो आधी शेताची गोष्ट सांगेल. मूळ खेळात ६० लाकूड खर्चून शेत घालावे, त्यातून १७५ धान्य निघावे, मग ते शेत करपून तपकिरी पडावे, आणि त्यावरचा शेतकरी हात खाली सोडून तसाच उभा राहावा. सीमेवर घोडदळ भिडलेले, गढीचा दरवाजा पडू घातलेला, आणि अशा ऐन घटकेस मागे गावात दहा शेतकरी रिकामे उभे आहेत हे ध्यानी यायला पाच मिनिटे लागत. तेवढ्यात राज्य जाई. ‘द कॉन्करर्स’ने चक्कीवर एक सोय करून दिली: पुढच्या पेरण्यांचे लाकूड आगाऊ जमा करून ठेवावे, शेत संपताच शेतकरी आपणहून पुन्हा पेरील. एवढीशी तजवीज, पण तिने तेराही जुन्या संस्कृतींचा कारभार पालटला. पहिल्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ची ‘राइज ऑफ रोम’ ही १९९८ ची पुरवणीही अशीच. तिने रोमन दिलेच, पण शिपायांची एकामागून एक भरती नोंदवून ठेवण्याची सोय दिली, आणि लोकांच्या ती सोय अधिक लक्षात राहिली. जी पुरवणी जुन्या खेळाला हात घालते आणि खेळणाऱ्याला त्याच अंगणात नव्या नजरेने परत आणते, तिची किंमत नव्या दालनांच्या संख्येने करू नये, असे माझे मत ह्या चक्कीपाशी बनले.

आणखी एक गोष्ट जुने खेळाडू ओळखतात. घ्यावी की न घ्यावी हा निर्णय पुष्कळदा एकट्याचा नसतोच. ‘स्टारक्राफ्ट’ १९९८ च्या मार्चात आला आणि वर्ष संपण्याच्या आत ‘ब्रूड वॉर’. तिने तिन्ही पक्षांना मिळून सात नवी पथके दिली. माणसांच्या पायदळाला जखमा भरणारी वैद्यीण मिळाली आणि जे पायदळ लढतालढता झिजून जाई ते तग धरू लागले. दक्षिण कोरियातील व्यावसायिक सामने ह्या पुरवणीवरच बहरले, तेव्हा तिच्यावाचून पटावर बसणेच अशक्य झाले. आमच्याकडे सायबर कॅफेत हेच लहान प्रमाणात होई. चार संगणकांवर पुरवणी आणि पाचव्यावर नुसता मूळ खेळ, असे असले की पाचव्यावरचा मुलगा मागे उभा राहून पाहत बसे. तासाचे पैसे खिशात असूनही त्याला डावात घेता येत नसे. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

पुढे इंटरनेट आले, खोके गेले, आणि पुरवणीचे तुकडे पडले. २००६ च्या एप्रिलात ‘ऑब्लिव्हियन’ ह्या खेळासाठी घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकावयास निघाले आणि ग्राहकांचा राग उसळला. दुखणे अडीच डॉलरचे नव्हते, पुरवणी ह्या शब्दामागचा करार मोडल्याचे होते. त्याच खेळाच्या ‘शिव्हरिंग आयल्स’ने पुढच्या वर्षी एक अख्खा प्रदेश देऊन तो राग बराच निववला. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेडने २०१५ व २०१६ मध्ये ‘द विचर ३’साठी ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ आणि ‘ब्लड अँड वाइन’ अशा दोन भरघोस पुरवण्या देऊन दाखवले, की जुनी रीत सोडण्याचे काही कारण नव्हते.

स्वीडनच्या पॅराडॉक्सने मात्र एक निराळाच तोडगा काढला, आणि मला तो विचार करण्याजोगा वाटतो. त्यांच्या ‘क्रुसेडर किंग्ज २’ला मार्च २०१४ मध्ये ‘राजाज ऑफ इंडिया’ ही पुरवणी मिळाली. नकाशा पूर्वेकडे वाढून हिंदुस्थान त्यात आला, तो सर्वांस विनामूल्य. परंतु तिथल्या एखाद्या राजाच्या गादीवर स्वतः बसायचे तर दाम मोजावे लागे. ज्याने पुरवणी घेतली नाही त्यालाही हिंदू, बौद्ध आणि जैन राजे आपापसांत लढताना दिसत, फक्त त्यांचे फर्मान त्याच्या हाती नसे. मुलूख सर्वांचा आणि गादी घेणाऱ्याची, ही वाटणी मला न्याय्य वाटते: न घेणाऱ्याचा खेळ त्यात अपुरा पडत नाही, आणि घेणाऱ्याला आपण कशाचे पैसे देतो ते आधी डोळ्यांनी पाहून ठरवता येते.

‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये हिंदुस्थानाचा प्रवेश २०१३ च्या ‘द फर्गॉटन’ ह्या पुरवणीतून झाला, तोही मूळच्या चाहत्यांनी हौसेने रचलेल्या कामातून. पण तेव्हा अवघा उपखंड ‘इंडियन्स’ ह्या एकाच नावाखाली दाटलेला होता. एप्रिल २०२२ मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ आली. जुन्या संस्कृतीचे ‘हिंदुस्तानी’ असे नवे रूप जुन्या खरेदीदारांस फुकट मिळाले, आणि बंगाली, द्रविड व गुर्जर अशा तीन नव्या संस्कृती विकत घेणाऱ्यांस. देवगिरीच्या यादवांच्या वाट्याला स्वतंत्र संस्कृती आली नाही, ह्याची मला खंत आहे. तरी मी ती पुरवणी घेतली, आणि पहिल्याच संध्याकाळी राजेंद्र चोळाची मोहीम उघडली. शेतकऱ्यावर टिचकी मारली तो तमिळमध्ये बोलला. मग सवयीने मी चक्कीकडे वळलो, पेरणीचे लाकूड आगाऊ जमा करायला. पण तिथे आता आपोआप पेरणीची खूण होती, २०१९ च्या नव्या आवृत्तीबरोबर आलेली. खूण लावली आणि आरमाराकडे गेलो. परतलो तेव्हा शेत एकदा संपून पुन्हा हिरवे झाले होते, आणि शेतकरी त्यात वाकून काम करीत होता.