जेट घ्यावे तर कोणते?

दिवाळीच्या तोंडावर आपण जुने पातेले मोडीत घालतो आणि नवे घेतो. निवड चुकली तर घरच्यांची चार बोलणी खावी लागतात, एवढेच. विमान-कंपनीला जुनी विमाने काढून नवी घ्यावयाची असतात तेव्हा मात्र चुकीला फार मोठी किंमत पडते. कंपनीचा पैसा जातो, देशाचे परकीय चलन जाते, आणि क्वचित माणसेही जातात. १९५२ पासून १९६२ पर्यंतच्या दहा वर्षांत जगातल्या साऱ्या मोठ्या कंपन्यांपुढे हा एकच प्रश्न होता: पंख्याची विमाने सोडून जेट घ्यावे काय, आणि घ्यावे तर कोणते?

त्या वेळी लांबच्या आकाशमार्गांची राणी होती लॉकहीड कंपनीचे कॉन्स्टेलेशन. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला निघालेली एअर इंडियाची 'मलबार प्रिन्सेस' ह्याच जातीची. पुढे आलेले सुपर कॉन्स्टेलेशन त्याहून ऐसपैस. रूप देखणे, पण एंजिने भारी नाजूक! एकेका एंजिनात अठरा सिलिंडर. त्यांपैकी एखादे वाटेत रुसले नाही असा प्रवास म्हणजे नशीबच. म्हणून वैमानिक थट्टेने म्हणत, की चार एंजिनांचे हे विमान म्हणजे जगातले सर्वांत उत्तम तीन-एंजिनी विमान आहे.

अशा वेळी ब्रिटनने बाजी मारली. २ मे १९५२ रोजी डी हॅविलंड कंपनीचे 'कॉमेट' लंडनहून जोहान्सबर्गला उतारू घेऊन निघाले. जगातली ही पहिली जेट प्रवासी सेवा. ना हादरे, ना कानठळ्या, आणि वेग पंख्याच्या विमानाच्या कितीतरी पुढे! एअर इंडियानेही ह्या विमानाच्या सुधारलेल्या आवृत्तीची मागणी नोंदविली.

पण सुखाला दृष्ट लागली. बरोबर एका वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याहून उडालेले कॉमेट वादळात सापडून मोडले; ४३ माणसे गेली. त्याचा दोष वादळावर गेला. १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ दुसरे विमान निरभ्र आकाशात फुटले, ३५ मृत्यू. आणि ८ एप्रिलला नेपल्सजवळ तिसरे, २१ मृत्यू. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी फार्नबरो येथे एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत बुडविले, आणि उंचावर जाताना-उतरताना विमानाच्या धडावर जो दाब येतो तो पाण्याने पुन्हा पुन्हा आणून पाहिला. शेवटी पत्रा खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटला. तार वारंवार वाकविली की तुटते, तसा हा धातूचा थकवा होता. तो प्रत्येक उड्डाणागणिक थोडाथोडा वाढे आणि डोळ्यांना दिसत नसे.

दुधाने तोंड भाजले की माणूस ताकही फुंकून पितो. जेटचे नाव काढताच अनेक कंपन्या बिचकू लागल्या. तरीही १५ जुलै १९५४ रोजी अमेरिकेत सिॲटलजवळ बोइंग कंपनीने स्वतःच्या खर्चाने बांधलेले जेट आकाशात गेले. पुढच्या वर्षी ऑगस्टात टेक्स जॉन्स्टन ह्या वैमानिकाने तेथल्या सरोवरावर हजारो लोकांसमक्ष त्या अजस्र विमानाला चक्क कोलांटी मारावयास लावली! साहेबांनी त्याची कानउघाडणी केली खरी, पण विमानाच्या ताकदीविषयी वेगळी जाहिरात करावी लागली नाही.

बोइंगचा प्रतिस्पर्धी डग्लस. त्याच्या डीसी-८ चे धड अधिक रुंद. एका ओळीत सहा आसने बसत. १३ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅन अमेरिकन कंपनीने २० बोइंग आणि २५ डग्लस मागविली. त्यातली मेख बोइंगच्या ध्यानी आली. त्याने आपले धड रुंदावत रुंदावत १४८ इंचांवर नेले, म्हणजे डग्लसपेक्षा एक इंच जास्त. व्यापारात इंचाचीही लढाई असते ती अशी.

वैमानिकांचा वाद मात्र आसनांवरून नव्हता. पंख्याच्या विमानाला जोर दिला की तो तत्काळ मिळतो, आणि पंख्याचा वारा पंखांवरून जाऊन विमानाला वरही उचलतो. जेटचे एंजिन वेग धरावयास काही क्षण घेई. उतरताना ते क्षण प्राणांवर बेतत. कॉमेटचे पंख थोडेच मागे झुकलेले, त्यामुळे ते सौम्यपणे व आखूड धावपट्टीवर उतरे. बोइंग ७०७ चे पंख ३५ अंश झुकलेले. त्यामुळे वेग मिळे, पण विमान होडीसारखे डोलू लागे. ह्या डोलण्याला 'डच रोल' म्हणतात. ऑक्टोबर १९५९ मध्ये अमेरिकेत शिकाऊ उड्डाणात हे डोलणे हाताबाहेर गेले, एंजिने तुटून पडली आणि चौघे दगावले. ब्रिटनचे परीक्षक वैमानिक डी. पी. डेव्हिस ह्यांनी आग्रह धरला, तेव्हा बोइंगला शेपटी उंच करावी लागली. कॉमेटची एंजिने पंखांच्या मुळाशी दडलेली, बोइंगची पंखांखाली लटकलेली. पहिली मांडणी दिसावयास सुबक. दुसरीत आग लागली तर ती धडापासून दूर राही आणि दुरुस्ती सोपी होई.

एअर इंडियाचे अध्यक्ष जे. आर. डी. टाटा स्वतः वैमानिक. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरलेला हा माणूस यंत्राचा कौल केवळ कागदावर घेणारा नव्हे. १९५६ साली कंपनीने बोइंग ७०७ निवडले, पण एंजिने घेतली ब्रिटनच्या रोल्स-रॉइसची 'कॉनवे'. १९६० च्या फेब्रुवारीत 'नंदादेवी' मुंबईस आली. १४ मे रोजी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६२ साली शेवटची सुपर कॉन्स्टेलेशन निघाली आणि एअर इंडियाच्या ताफ्यात फक्त जेट उरली.

म्हणून वाद संपला काय? २४ जानेवारी १९६६ रोजी 'कांचनजंगा' हे ७०७ आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले; ११७ जणांत डॉ. होमी भाभा होते. त्याच पर्वतावर १९५० साली 'मलबार प्रिन्सेस'चा अंत झाला होता. एक विमान पंख्याचे, दुसरे जेट. पर्वताने भेद केला नाही. दुसऱ्या अपघातात यंत्र फुटले नव्हते; पर्वतापासून आपण नेमके कोठे आहोत ह्याविषयी गैरसमज झाला होता.

२०२२ साली एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली, आणि २०२३ साली तिने ४७० विमानांची घोषणा केली: २५० एअरबसची, २२० बोइंगची. ह्या वेळी ताफा दोन घराण्यांत वाटला गेला. वैमानिकांच्या गप्पांत आता एअरबसची बाजूची कांडी बरी की बोइंगचा समोरचा दांडा, ह्यावर पक्ष पडतात. पडू देत. जो वैमानिक आपल्या विमानाच्या खोडी जाणतो आणि त्यांविषयी मोकळेपणी भांडतो, त्याच्या मागे बसून प्रवास करणे केव्हाही बरे. कॉमेटची खोड मात्र कोणालाच ठाऊक नव्हती. ती कळावयास पाण्याची टाकी लागली, आणि तिच्याआधी माणसांचे बळी.