जोड नसलेलं जहाज

एक फोटो आहे, बघितला नसेल तर जरूर शोधा. शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेलं नवंकोरं जहाज, आणि ते चक्क मधोमध मोडलेलं! ना वादळ, ना टॉर्पेडो. हा 'स्केनेक्टडी' नावाचा तेलवाहू टँकर. जागा अमेरिकेतलं पोर्टलंड, तारीख १६ जानेवारी १९४३.

हे कसं झालं ते समजायला आधी जहाजाचं अंग बघू. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारे आडवे पट्टे एकावर एक लावून ते बनतं. लाकडी जहाजात फळ्यांचे, पोलादी जहाजात पत्र्यांचे. अशा एका पट्ट्याला म्हणतात स्ट्रेक. पूर्वी हे पत्रे रिव्हेट ठोकून जोडत. काम वेळखाऊ, वजन जास्त, शिवाय जोडातून पाणी झिरपायची भीती.

दुसऱ्या महायुद्धात जहाजं हवी होती, आणि तीही कालच! मग रिव्हेट जाऊन वेल्डिंग आलं. २७००हून जास्त 'लिबर्टी' जहाजं बांधली गेली. त्यातलं 'रॉबर्ट ई. पिअरी' तर १९४२ मध्ये पाच दिवसांच्या आत उभं राहिलं. आपल्या डेडलाइन काहीच नाहीत हो!

पण थंडीत काही जहाजांना तडे जायला लागले. सुरुवातीला खापर फुटलं वेल्डरांच्या कामावर. सदोष वेल्डिंग होतंही, पण तेवढंच नव्हतं. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं, की ते पोलादच थंडीत ठिसूळ होत होतं. तडा बहुधा डेकवरच्या चौकोनी झाकणाच्या कोपऱ्यात किंवा वेल्डिंगमधल्या दोषापाशी सुरू होई. रिव्हेटच्या जहाजात तो पत्र्याच्या कडेपर्यंत जाऊन बहुधा थांबला असता, कारण पुढचा पत्रा वेगळा. वेल्डिंगने सगळं अंग एकसंध केलेलं, त्यामुळे तड्याला मोकळं रान!

उपाय काय केला? कोपरे गोल केले, आणि वेल्डिंगच्या जहाजांवर मुद्दाम रिव्हेटचे जोड घातले, तडा अडवायला. आजही मोठ्या जहाजांत डेकला भिडणारा शीअर स्ट्रेक जास्त चिवट पोलादाचा करतात.

इतकी वर्षं ते जोड तडे अडवत होते, पण कुठल्याच ड्रॉइंगवर तसं लिहिलेलं नव्हतं.

सोमवारी मी एक जुना, कटकट्या इंटरफेस काढून दोन मॉड्यूल एकत्र करणार होतो. आता आधी विचारणार आहे, हा इथे काय अडवतोय?