पुणे शहराच्या नियोजनातील नागरिकांचा सहभाग

पुणे शहराचा विकास आराखडा, रस्ते, टेकड्या, नदीकाठ आणि महापालिकेचा अर्थसंकल्प यांविषयी नागरिकांनी नोंदविलेली मते, घेतलेल्या हरकती, दाखल केलेल्या याचिका आणि केलेली आंदोलने यांचा समावेश या विषयात होतो. पुणे महापालिका हद्दीची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत २५,३८,४७३ होती, ती २०११ मध्ये ३१,२४,४५८ झाली. शहराची हद्दही वाढत गेली. १९९७ मध्ये भोवतालची गावे महापालिकेत आली, त्यांतील काही पुढे वगळण्यात आली व २३ गावे राहिली. २०१७ मध्ये आणखी ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे समाविष्ट झाली. त्यामुळे महापालिकेचे क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरांच्या पुढे गेले व ते बृहन्मुंबई महापालिकेपेक्षाही मोठे झाले. वाढीचा हा वेग आणि नियोजनाची संथ गती यांतील अंतर हाच नागरिकांच्या बहुतेक तक्रारींचा मूळ विषय आहे.

कायदेशीर तरतुदी

महाराष्ट्रातील शहरांचे विकास आराखडे ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’ या कायद्यानुसार तयार होतात. नियोजन प्राधिकरण प्रथम प्रारूप आराखडा प्रसिद्ध करते. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत कोणाही नागरिकाला लेखी हरकत किंवा सूचना देता येते. नियोजन समिती तिच्यावर सुनावणी घेते, समितीचा अहवाल महापालिकेच्या मुख्य सभेपुढे जातो आणि अंतिम मंजुरी राज्य शासन देते.

या रचनेत आराखड्यातील प्रत्यक्ष प्रस्तावांवर नागरिकाला विचारले जाते ते नकाशा तयार झाल्यानंतर. संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात बदल करून ग्रामसभेच्या धर्तीवर ‘क्षेत्रसभे’ची तरतूद केली, मात्र क्षेत्रसभा प्रत्यक्षात रुजल्या नाहीत. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात तक्रार घेऊन जाण्यासाठी नागरिकाला नगरसेवकही नव्हता.

२००७–२०२७ चा विकास आराखडा

जुन्या हद्दीसाठीचा आधीचा आराखडा १९८७ मध्ये मंजूर झाला होता. त्याची जागा घेणारा २००७ ते २०२७ या कालावधीचा आराखडा प्रारूप स्वरूपात प्रसिद्ध झाला तो २०१३ मध्ये, म्हणजे नियोजनाच्या वीस वर्षांपैकी सहा वर्षे उलटल्यानंतर.

या प्रारूपावर सुमारे ८७ हजार हरकती व सूचना आल्या. आपल्या घरावर किंवा जमिनीवर आरक्षण पडलेले मालक, रस्तारुंदीत घर जाण्याची भीती असलेले पेठांमधील रहिवासी, उद्याने, शाळा व क्रीडांगणे यांच्या जागा कमी होऊ नयेत म्हणून लिहिणाऱ्या संस्था असे सर्व प्रकारचे लोक त्यांत होते. वास्तुरचनाकार आणि निवृत्त अभियंत्यांनी आरक्षणांचे तक्ते पडताळून चुका दाखविल्या. दुसऱ्या बाजूला, एकाच मजकुराच्या छापील अर्जावर सह्या गोळा करण्याचा मार्गही अशा वेळी वापरला जातो. त्यामुळे हरकतींच्या संख्येवरून विरोधाची तीव्रता कळते, पण तिच्यातील विचार कळत नाही. एवढ्या अर्जांची सुनावणी घेताना एकेका नागरिकाच्या वाट्याला किती वेळ येणार, हा प्रश्न आकडा पाहूनच सुटतो.

नियोजन समितीतील नगरसेवक सदस्य आणि शासननियुक्त तज्ज्ञ सदस्य यांचे अनेक मुद्द्यांवर एकमत झाले नाही. मुख्य सभेचा निर्णय मुदतीत न झाल्याने मार्च २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडा स्वतःकडे घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांची समिती नेमली. या समितीने अनेक आरक्षणे वगळण्याची शिफारस केली, तेव्हा सार्वजनिक जागा गमावल्या जात असल्याची टीका झाली. जानेवारी २०१७ मध्ये शासनाने आराखड्याला मंजुरी दिली. योगायोगाने २०१५ मध्येच मुंबईच्या प्रारूप आराखड्यावर इतका गदारोळ झाला की शासनाने तो नव्याने तयार करण्याचे आदेश दिले होते.

टेकड्या आणि जैवविविधता उद्यान

पुण्यातील मतभेद सर्वांत ठळकपणे दिसतात ते टेकड्यांच्या प्रश्नात. १९९७ नंतर राहिलेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्या व डोंगरउतार ‘जैवविविधता उद्यान’ म्हणून राखून ठेवण्याचा प्रस्ताव आला. हे क्षेत्र नऊशे हेक्टरांहून अधिक आहे. प्रस्तावाला शहरातून मोठा पाठिंबा मिळाला. टेकड्यांवर पडणारे पाणी मुरते, ओढ्यांना उगम मिळतो आणि उतार उघडे पडले की तेच पाणी वस्तीत शिरते, हा युक्तिवाद सुरुवातीला काहींना पुस्तकी वाटत होता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने त्याला वेगळेच वजन दिले.

परंतु या टेकड्यांचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे. सकाळी टेकडीवर फिरायला जाणारा पुणेकर आणि जिच्या सातबाऱ्यावर आपले नाव आहे ती जमीन विकता किंवा बांधता न येणारा गावकरी, हे दोघेही नागरिकच आहेत. शहराच्या हवेची किंमत एकट्या गावकऱ्यानेच का मोजावी, हा जमीनमालकांचा प्रश्न अप्रस्तुत म्हणता येत नाही. आराखड्याच्या इतर भागांना मंजुरी मिळत गेली, या आरक्षणाचा निर्णय मात्र लांबला. अखेर ऑगस्ट २०१५ मध्ये शासनाने ते कायम केले आणि मोबदला म्हणून ८ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) देऊ केला. मालकांना तो अपुरा वाटला. निर्णय लांबलेल्या वर्षांत अनेक उतारांवर अनधिकृत बांधकामे उभी राहिली. त्यामुळे दिरंगाईत टेकडीही गेली आणि मोबदलाही मिळाला नाही, अशी काही ठिकाणची स्थिती आहे.

वेताळ टेकडीवरून जाणारा बालभारती–पौड फाटा रस्ता हा याच वादाचा दुसरा भाग होय. वाहतूक कोंडी कमी होईल, असे समर्थकांचे म्हणणे आहे, तर नवा रस्ता नवी वाहने आणतो, असे विरोधकांचे. एप्रिल २०२३ मध्ये टेकडी वाचविण्यासाठी निघालेल्या मोर्चात सर्व वयांचे लोक सहभागी झाले.

रस्ते आणि नदीकाठ

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातील पहिला बीआरटी प्रकल्प सुरू झाला. रस्त्याचा भाग बससाठी राखल्याबद्दल वाहनचालक नाराज होते, तर पादचाऱ्यांसाठी काम करणाऱ्या ‘परिसर’सारख्या संस्थांचा आक्षेप योजना अर्धवट राबविल्याबद्दल होता. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडावा लागला. पूल उभारून जेमतेम दीड दशक झाले होते. दूरदृष्टीच्या अभावाचे उदाहरण म्हणून तो आजही सांगितला जातो.

मुळा-मुठा नदीकाठ सुधार प्रकल्पाची लांबी ४४ किलोमीटर आहे. काठ सुशोभित होऊन लोकांना नदीजवळ जाता येईल, अशी महापालिकेची भूमिका आहे. सांडपाणी आधी थांबवा, पात्र अरुंद करू नका आणि झाडे तोडू नका, असे विरोधक म्हणतात. एप्रिल २०२३ मध्ये यासाठी ‘चिपको’ आंदोलन झाले. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी बुडाली, तेव्हा पूररेषा नकाशात नेमकी कोठे आखली जाते, हा एरवी तज्ज्ञांचा असलेला प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला.

नागरिकांचा अर्थसंकल्प

पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांकडून अर्थसंकल्पासाठी कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू केली. भारतातील अशा आरंभीच्या प्रयोगांत तिची गणना होते. पदपथ दुरुस्ती, पथदिवे, बसथांबा, बाके यांसारखी छोटी कामे क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन सुचविता येतात. एका कामासाठी पाच लाख रुपयांची मर्यादा ठेवण्यात आली. आराखड्यावरील हरकतीच्या तुलनेत या मार्गाचा आवाका लहान आहे. पण सुचविलेला दिवा लागला की नाही, हे अर्जदाराला रस्त्यावर जाऊन स्वतः पाहता येते.