कोल्टचा सांगाडा आणि कानशीचा हात

यंत्राने माणसाच्या हाताची जागा घेतली, असे आपण एका वाक्यात सांगून मोकळे होतो. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे १८५५ मध्ये उभ्या राहिलेल्या सॅम्युएल कोल्टच्या कारखान्याची हकिगत मात्र इतकी सरळ नाही.

तिथली घडी बसवली ती एलिशा रूटने. कुऱ्हाडींच्या कारखान्यातून १८४९ मध्ये कोल्टकडे आलेला हा कसबी यंत्रज्ञ. लालबुंद लोखंड दोन पोलादी साच्यांच्या मध्ये ठेवून वरून जड घण पाडला जाई. हाती येई तो रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्याचा ओबडधोबड आकार, कडेने लोखंडाची झालर सुटलेला. झालर छाटली की तो तुकडा पकडीत आवळून एकामागून एक यंत्रांवर चढे. एक यंत्र फक्त बाजू सपाट करी, दुसरे भोक पाडी, तिसरे खाच कोरी. तुकडा दर वेळी ठरलेल्या जागीच टेकवावा लागे; ते टेकणे हुकले, की पुढची मापे हुकलीच.

एवढे होऊनही शेवटी कानस लागेच. कारागीर भाग घासून एकमेकांत बसवी आणि मुख्य भागांवर एकच क्रमांक ठोकला जाई. मग सांगाडा हाडांच्या कोळशात तापवून पाण्यात बुडवत. त्याचा पृष्ठभाग कठीण होई, वर निळ्या-तपकिरी छटा उमटत. त्यानंतर क्रमांक पाहूनच जोडीचे भाग पुन्हा एकत्र येत.

म्हणजे कोणताही भाग कुठेही बसतो, ही कोल्टची ख्याती पुरती खरी नव्हती. आजचे संग्राहक क्रमांक जुळतात का ते पाहतात, तेव्हा नकळत त्या अनाम कारागिराचीच खूण शोधत असतात.