शुष्क पानझडी वने (विदर्भ)

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस घेऊन उरलेला काळ जमिनीतल्या ओलीवर काढणारी उष्णकटिबंधीय वने. चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८ च्या वर्गीकरणात भारतातील अशी वने पाचव्या गटात मोडतात. मेळघाट, पेंच, नागझिरा आणि ताडोबा येथील जंगल मुख्यतः याच प्रकारचे आहे.

सागाचे वर्चस्व ठळक असले तरी त्याचे सोबती जमिनीनुसार बदलतात. खोल, निचऱ्याच्या मातीत बिजा, चिकण मातीत ऐन, तर उथळ मुरमाड उतारांवर धावडा, सालई, मोवई. नाल्याकाठची जांभूळ-अर्जुनाची हिरवी पट्टी अरुंद असते, पण उन्हाळ्यात जनावरांचा जीव तिच्यावरच तगतो.

पानगळ पाणी वाचवण्यासाठी होते. पान टाकण्यापूर्वी झाड त्यातला बराच नत्र आणि स्फुरद परत ओढून घेते. सालई-मोवई खोडात पाणी साठवतात आणि लवकर उघड्या पडतात. कुसुम मात्र मार्चच्या सुमारास लालभडक पालवीने भरून जातो. अनेक झाडे अशी पावसाआधीच, खोल मुळांच्या व साठवलेल्या पाण्याच्या बळावर पालवतात. यामागचे एक कारण मुदुमलाईच्या शुष्क जंगलातील १९९३ च्या अभ्यासात दिसते: लवकर पालवणाऱ्या जातींची पाने किडींनी कमी खाल्ली होती, कारण पावसाबरोबर किडी वाढेपर्यंत ती जून झालेली असतात. उशिरा पालवणाऱ्या सागाची पाने पावसाळ्याच्या उत्तरार्धात अळ्या कुरतडतात, त्यांची नुसती जाळी उरते.

फुलोराही याच कोरड्या दिवसांतला. पळस, काटेसावर पर्णहीन फांद्यांवर फुलतात. मोहाची फुले रात्रीतून गळतात. पहाटे अस्वल, चितळ आणि माणसे तीच वेचतात.

पालापाचोळा वाळला की वणवे लागतात, आणि आज ते बहुतेक माणसाने लावलेले असतात: मोहाखालची जागा साफ करायला, तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून. जाड सालीची मोठी झाडे तग धरतात. बिजासारख्या जातींच्या रोपांचा शेंडा दर उन्हाळ्यात वाळतो किंवा जळतो, मूळ तेवढे जाडावत जाते. पुरेसे बळ साठल्यावरच खोड वर झेपावते. आग दरवर्षी आली तर ती वेळ येतच नाही आणि मोकळ्या जागेत घाणेरी, रानतुळस माजतात. मानवेल बांबू अनेक दशकांनी सामुदायिकरीत्या फुलून मरतो, तेव्हा त्याचे वाळके कळक वणव्याला आणखी खाद्य पुरवतात.

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरला जातो. पालवी, फुलोरा आणि बीजप्रसार यांचा ऐन काळही हाच आहे. म्हणून या जंगलांत नव्या लागवडीपेक्षा जमिनीत मूळ धरून बसलेल्या रोपांना काही वर्षे सलग आगीपासून वाचवणे अधिक निकडीचे आहे.